अपंगत्व कला चळवळ (युनायटेड किंग्डम)

युनायटेड किंग्डममधील अपंगत्व कला चळवळ ही अपंग व कर्णबधिर कलावंतांनी स्वतःच्या अनुभवावर आधारित कला निर्माण करण्यासाठी आणि त्या कलेतून समान नागरी हक्कांची मागणी पुढे नेण्यासाठी उभारलेली सांस्कृतिक चळवळ आहे. तिची वैचारिक मुळे इ.स. १९७० च्या दशकातील अपंग हक्क संघटनांमध्ये असून तिला संघटित रूप १९८० च्या दशकात आले. नाट्य, संगीत, नृत्य, विनोदी एकपात्री प्रयोग, छायाचित्रण, शिल्पकला आणि कविता हे तिचे प्रमुख कलाप्रकार होत. १९९५ च्या अपंगत्व भेदभाव कायद्यापर्यंत पोहोचलेल्या आंदोलनात या चळवळीतील कलावंतांचा प्रत्यक्ष सहभाग होता. पुढे महोत्सव, अपंगत्व इतिहास मास आणि अभिलेखागार यांच्याद्वारे या लढ्याचा इतिहास जतन व साजरा केला जाऊ लागला. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे हे महोत्सव प्रथमच मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन भरवण्यात आले.

संज्ञा

'अपंगत्व कला' या संज्ञेचा अर्थ केवळ 'अपंग व्यक्तीने निर्माण केलेली कला' असा नाही. अपंग व्यक्तीने काढलेले निसर्गचित्र या संज्ञेत येईलच असे नाही. अपंग म्हणून जगण्याचा अनुभव, त्यातील अडथळे, विनोद, संताप व अभिमान ज्या कलेतून व्यक्त होतो, तिला अपंगत्व कला म्हटले जाते. रुग्णालयांत व वसतिगृहांत उपचाराचा भाग म्हणून चालणाऱ्या कलावर्गांपासूनही ती वेगळी मानली जाते. उपचाराच्या कलेत अपंग व्यक्ती लाभार्थी असते, तर अपंगत्व कलेत ती निर्माती असते आणि संस्थेचे नियंत्रणही तिच्याकडे असावे, असा चळवळीचा आग्रह आहे.

ब्रिटिश चळवळीने 'डिसेबल्ड' हे विशेषण जाणीवपूर्वक स्वीकारले. समाजाने उभ्या केलेल्या अडथळ्यांमुळे जिला अपंग 'केले गेले' आहे अशी व्यक्ती, असा त्याचा अर्थ घेतला जातो. मराठीत 'अपंग' व 'विकलांग' हे शब्द पूर्वीपासून रूढ आहेत. भारतात २०१५ नंतर शासकीय व्यवहारात 'दिव्यांग' हा शब्द आला. शरीराच्या वा मनाच्या क्षमतेतील उणीव आणि समाजाने लादलेले अपंगत्व हा भेद या चळवळीच्या केंद्रस्थानी असल्यामुळे प्रस्तुत लेखात पहिल्यासाठी 'व्यंग' व दुसऱ्यासाठी 'अपंगत्व' असे शब्द वापरले आहेत.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमध्ये अनेक अपंग व्यक्ती धर्मादाय संस्थांच्या निवासगृहांत राहत असत. झोपण्या-उठण्याच्या वेळांपासून पाहुण्यांना भेटण्यापर्यंतचे निर्णय व्यवस्थापन घेत असे. हॅम्पशायरमधील ल कोर्ट या निवासगृहात राहिलेले पॉल हंट यांनी १९६६ मध्ये अपंग व्यक्तींच्या निबंधांचा 'स्टिग्मा' हा संग्रह संपादित केला. सप्टेंबर १९७२ मध्ये त्यांनी 'द गार्डियन' या वृत्तपत्रात पत्र लिहून अशा संस्थांतील रहिवाशांना संघटित होण्याचे आवाहन केले. त्यातून 'युनियन ऑफ द फिजिकली इम्पेअर्ड अगेन्स्ट सेग्रिगेशन' (युपियास) ही संघटना स्थापन झाली.

वर्णभेदविरोधी कार्यामुळे दक्षिण आफ्रिकेत तुरुंगवास भोगून ब्रिटनमध्ये आलेले व्हिक फिंकेलस्टाइन हे या संघटनेचे दुसरे प्रमुख विचारवंत होते. युपियासच्या १९७६ मधील निवेदनाने व्यंग व अपंगत्व यांत स्पष्ट फरक केला. पाय चालत नसणे हे व्यंग होय. परंतु इमारतीला केवळ पायऱ्या असल्यामुळे आत जाता न येणे हे अपंगत्व होय, आणि ते समाजाने निर्माण केलेले आहे, असा त्याचा आशय आहे. समाजशास्त्रज्ञ माइक ऑलिव्हर यांनी १९८३ मध्ये या विचाराला 'सामाजिक प्रतिमान' असे नाव दिले.

या प्रतिमानामुळे कलेसमोरचा प्रश्नही बदलला. अपंगत्व ही वैयक्तिक शोकांतिका असेल, तर कलेत तिचे चित्रण करुणेने अथवा कौतुकानेच होणार. ती सामाजिक अन्यायाची बाब असेल, तर तिच्यावर व्यंग्य, निषेध आणि उत्सव यांतूनही बोलता येते.

आरंभ

नबिल शबान आणि रिचर्ड टॉमलिन्सन यांनी १९८० मध्ये ग्रेआय थिएटर कंपनीची स्थापना केली. ग्रीक पुराणकथेतील एकच डोळा व एकच दात आळीपाळीने वापरणाऱ्या तीन बहिणींवरून हे नाव घेतले आहे. त्या काळी नाट्यशाळांत अपंग विद्यार्थ्यांना क्वचितच प्रवेश मिळे आणि रंगभूमीवर अपंग पात्रांच्या भूमिका सहसा अव्यंग नट करीत. ग्रेआयने अपंग नटांना व्यावसायिक रंगमंच मिळवून दिला. १९९७ पासून कर्णबधिर दिग्दर्शिका जेनी सीली या संस्थेच्या कलादिग्दर्शक झाल्या.

संयुक्त राष्ट्रसंघाने १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून जाहीर केले. लहानपणी पोलिओ झालेले गायक इयन ड्युरी यांना त्यामागील आश्रयदातेपणाची भूमिका रुचली नाही. त्याला उत्तर म्हणून त्यांनी 'स्पास्टिकस ऑटिस्टिकस' हे गाणे रचले. बीबीसीने त्याच्या प्रसारणावर निर्बंध घातले. त्याच वर्षी अपंग व्यक्तींनी चालवलेल्या संघटनांची ब्रिटिश कौन्सिल ऑफ ऑर्गनायझेशन्स ऑफ डिसेबल्ड पीपल ही शिखर संघटना अस्तित्वात आली.

१९८६ मध्ये लंडन डिसॅबिलिटी आर्ट्स फोरम (एलडीएएफ) स्थापन झाला आणि त्याने 'डिसॅबिलिटी आर्ट्स इन लंडन' हे नियतकालिक सुरू केले. संगीत, कविता व विनोदी प्रयोग एकत्र सादर करणारे 'कॅबरे' हे या काळातील लोकप्रिय माध्यम ठरले. ज्या नाट्यगृहांत व्हीलचेअर आत नेता येत नसे, तेथे अपंग प्रेक्षक येऊ शकत नसत. त्यामुळे कॅबरेचे प्रयोग बहुधा सामाजिक सभागृहांत होत. दूरदूर एकेकटे राहणाऱ्या अपंग व्यक्ती तेथे प्रथमच एकमेकांना भेटत. अनेकांचा हक्क चळवळीतील प्रवेश अशा कार्यक्रमांतूनच झाला.

टेलेथॉनविरोधी आंदोलन

आयटीव्ही या दूरचित्रवाणी जाळ्याने १९८८, १९९० आणि १९९२ मध्ये 'टेलेथॉन' हा सत्तावीस तासांचा निधिसंकलन कार्यक्रम प्रसारित केला. अपंग व्यक्तींना केविलवाणे दाखवून प्रेक्षकांकडून देणग्या मागण्याच्या या पद्धतीस अपंग कार्यकर्त्यांनी विरोध केला. अशा चित्रणाने पैसा जमतो, मात्र त्याच चित्रणामुळे अपंग व्यक्तीला नोकरी, शिक्षण वा जोडीदार म्हणून नाकारले जाते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

विनोदी कलावंत बार्बरा लिसिकी आणि 'जॉनी क्रेसेंडो' या नावाने गाणारे अ‍ॅलन होल्ड्सवर्थ हे या आंदोलनाचे प्रमुख संघटक होते. दोघेही 'ट्रॅजिक बट ब्रेव्ह' या उपरोधिक नावाच्या (अर्थ : 'दुर्दैवी पण शूर') फिरत्या कार्यक्रमातून प्रयोग करीत. जुलै १९९२ मध्ये लंडनमधील लंडन वीकएंड टेलिव्हिजनच्या स्टुडिओसमोर एक हजारांहून अधिक अपंग व्यक्ती जमल्या. निदर्शनाचे स्वरूप गाणी, भाषणे व विनोद यांनी भरलेल्या जत्रेसारखे होते. काळ्या सदऱ्यांवर गुलाबी अक्षरांत छापलेली 'पिस ऑन पिटी' (शब्दशः 'दयेवर लघवी करा') ही घोषणा या काळात प्रसिद्ध झाली. सभ्यतेचे संकेत मोडणारी ही भाषा मुद्दाम निवडलेली होती, कारण कृतज्ञ व सौम्य राहण्याची अपेक्षा हीच दयेची किंमत आहे, असे आंदोलकांचे म्हणणे होते. १९९२ नंतर टेलेथॉन पुन्हा झाला नाही.

कायद्यासाठी लढा

टेलेथॉनविरोधी आंदोलनातील कार्यकर्त्यांनी १९९३ मध्ये डिसेबल्ड पीपल्स डायरेक्ट अ‍ॅक्शन नेटवर्क (डॅन) स्थापन केले. बस व रेल्वेगाड्यांत व्हीलचेअर चढवता येत नसल्याच्या निषेधार्थ कार्यकर्ते स्वतःला हातकड्यांनी बसगाड्यांना जखडून घेत. रस्ते अडवले जात आणि अटक करण्यास आलेल्या पोलिसांकडे व्हीलचेअर नेता येईल असे वाहनच नसे. ही विसंगती वृत्तपत्रांच्या छायाचित्रांतून देशभर पोहोचली.

१९९४ मध्ये अपंग व्यक्तींच्या नागरी हक्कांचे खासगी विधेयक सरकार पक्षाच्या दुरुस्त्यांमुळे संसदेत वेळेअभावी बारगळले. तत्कालीन अपंग कल्याण मंत्री निकोलस स्कॉट यांच्यावर तीव्र टीका झाली. टीकाकारांत अपंग हक्कांसाठी काम करणारी त्यांची कन्याही होती. त्यांच्यानंतर पदावर आलेल्या विल्यम हेग यांच्या काळात अपंगत्व भेदभाव कायदा संमत झाला आणि ८ नोव्हेंबर १९९५ रोजी त्यास राजमान्यता मिळाली.

चळवळीतील अनेकांनी हा कायदा अपुरा मानला. वीसपेक्षा कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनांना नोकरीविषयक तरतुदी आरंभी लागू नव्हत्या आणि अंमलबजावणीसाठी अधिकार असलेली यंत्रणा नव्हती. डिसॅबिलिटी राइट्स कमिशन २००० मध्ये कार्यान्वित झाले. लहान आस्थापनांची सूट २००४ मध्ये रद्द झाली. पुढे उत्तर आयर्लंड वगळता अन्यत्र या कायद्याची जागा समानता कायदा, २०१० ने घेतली.

उल्लेखनीय कलाकृती व संस्था

टोनी हीटन या शिल्पकाराने १९९२ मध्ये 'शेकन नॉट स्टर्ड' ही कृती सादर केली. देणग्या गोळा करण्याच्या १,७६० डब्यांचा मनोरा रचून तो कृत्रिम पाय फेकून पाडण्यात आला. त्यांच्याच 'ग्रेट ब्रिटन फ्रॉम अ व्हीलचेअर' या शिल्पात शासकीय आरोग्य सेवेच्या जुन्या करड्या व्हीलचेअरच्या भागांतून ब्रिटनचा नकाशा घडवला आहे. छायाचित्रकार डेव्हिड हेवी यांच्या 'द क्रीचर्स टाइम फरगॉट' (१९९२) या पुस्तकाने धर्मादाय जाहिरातींतील अपंगत्वाच्या प्रतिमांची चिकित्सा केली.

नृत्यक्षेत्रात सेलेस्ट डँडेकर आणि अ‍ॅडम बेंजामिन यांनी १९९१ मध्ये स्थापन केलेली कँडोको डान्स कंपनी महत्त्वाची ठरली. डँडेकर या व्यावसायिक नर्तकी असताना प्रयोगादरम्यानच्या अपघातात त्यांच्या मणक्यास इजा झाली होती. कँडोकोमध्ये अपंग व अव्यंग नर्तक एकत्र काम करतात. लंडनच्या डेप्टफर्ड भागातील 'हार्ट एन सोल' ही संस्था बौद्धिक अक्षमता असलेल्या कलावंतांसोबत १९८० च्या दशकापासून कार्यरत आहे.

२९ ऑगस्ट २०१२ रोजी झालेल्या लंडन पॅरालिंपिकच्या उद्घाटन सोहळ्याचे सहदिग्दर्शन जेनी सीली व ब्रॅडली हेमिंग्ज यांनी केले. एकेकाळी प्रसारणावर निर्बंध असलेले 'स्पास्टिकस ऑटिस्टिकस' हे गाणे या सोहळ्यात ग्रेआयच्या कलावंतांनी सादर केले.

महोत्सव व अपंगत्व इतिहास मास

लिव्हरपूल येथील डाडाफेस्ट हा अपंग व कर्णबधिर कलावंतांचा प्रमुख महोत्सव आहे. त्याची आयोजक संस्था १९८४ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली होती. महोत्सवास २००१ मध्ये प्रारंभ झाला. रूथ गुल्ड यांनी दीर्घकाळ त्याचे नेतृत्व केले. लिव्हरपूल २००८ मध्ये युरोपीय सांस्कृतिक राजधानी असताना या महोत्सवाला मोठे व्यासपीठ मिळाले. २०१२ पासून तो आंतरराष्ट्रीय स्वरूपात भरवला जाऊ लागला. लंडन ऑलिंपिकच्या सांस्कृतिक कार्यक्रमांतून 'अनलिमिटेड' हा उपक्रम निर्माण झाला; तो अपंग कलावंतांना नव्या कलाकृतींसाठी निधी देतो आणि त्याचा महोत्सव लंडनच्या साउथबँक सेंटरमध्ये होतो.

२०१० पासून ब्रिटनमध्ये अपंगत्व इतिहास मास पाळला जातो. रिचर्ड रीझर यांनी तो सुरू केला. नोव्हेंबर व डिसेंबर महिन्यांत येणाऱ्या या कालावधीत १ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन, ३ डिसेंबरचा आंतरराष्ट्रीय अपंग दिन आणि १० डिसेंबरचा मानवी हक्क दिन यांचा समावेश होतो. दरवर्षी एक विषय निश्चित करून शाळा, कामगार संघटना व ग्रंथालये यांत कार्यक्रम घेतले जातात.

अभिलेखागार

चळवळीचा इतिहास दीर्घकाळ घोषणापत्रे, हस्तपत्रके, सदरे, ध्वनिफिती व वैयक्तिक छायाचित्रांच्या रूपात कार्यकर्त्यांच्या घरांत विखुरलेला होता. एलडीएएफसारख्या संस्था बंद पडल्यावर आणि पहिल्या पिढीतील कलावंतांचे निधन होऊ लागल्यावर ही सामग्री नष्ट होण्याचा धोका निर्माण झाला. टोनी हीटन यांच्या संकल्पनेतून व शेप आर्ट्स या संस्थेच्या पुढाकाराने नॅशनल डिसॅबिलिटी आर्ट्स कलेक्शन अँड आर्काइव्ह (एनडॅका) उभे राहिले. हेरिटेज लॉटरी फंडाचे साहाय्य लाभलेला हा प्रकल्प २०१८ मध्ये खुला झाला. त्याची डिजिटल सूची ऑनलाइन उपलब्ध असून प्रत्यक्ष केंद्र बकिंगहॅमशर न्यू युनिव्हर्सिटीत आहे.

ऑनलाइन महोत्सव

मार्च २०२० मध्ये ब्रिटनमधील नाट्यगृहे व कलादालने बंद झाली. साथीचा फटका अपंग व्यक्तींना विशेष बसला. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये इंग्लंडमधील कोविड-१९ मुळे झालेल्या दर दहा मृत्यूंपैकी सुमारे सहा अपंग व्यक्तींचे होते. अनेक अपंग कलावंतांना दीर्घकाळ घराबाहेर पडता आले नाही. त्याच वर्षी कलाक्षेत्रातील अपंग व्यक्तींनी 'वी शॅल नॉट बी रिमूव्ह्ड' ही आघाडी स्थापन केली. कलासंस्था पुन्हा सुरू करताना अपंग कलावंत व प्रेक्षक यांना वगळले जाऊ नये, यासाठी तिने सात समावेशक तत्त्वे प्रसिद्ध केली.

२०२० हे अपंगत्व भेदभाव कायद्याचे पंचविसावे वर्ष होते. डाडाफेस्टचा त्या वर्षीचा आंतरराष्ट्रीय महोत्सव ऑनलाइन झाला. ग्रेआयने 'क्रिप्स विदाउट कन्स्ट्रेंट्स' ही लघुनाट्यांची ऑनलाइन मालिका सादर केली. बीबीसीने मॅट फ्रेझर यांच्या संयोजनाखाली 'क्रिपटेल्स' ही अपंग लेखक व नटांच्या स्वगतांची मालिका या वर्धापनानिमित्त प्रसारित केली. अनलिमिटेड महोत्सवही जानेवारी २०२१ मध्ये ऑनलाइन भरला.

याच सुमारास अमेरिकेत, अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट या कायद्याच्या तिसाव्या वर्षी, 'क्रिप कॅम्प' या माहितीपटाच्या निमित्ताने उन्हाळ्यात विनामूल्य ऑनलाइन शिबिर घेण्यात आले. माहितीपटात न्यूयॉर्क राज्यातील कॅम्प जेनेड या अपंग युवकांच्या शिबिराचा आणि तेथून पुढे आलेल्या हक्क कार्यकर्त्यांचा इतिहास आहे. शिबिराच्या रचनेत सहभागी असलेल्या कार्यकर्त्या स्टेसी पार्क मिलबर्न यांचे मे २०२० मध्ये निधन झाले.

सुगम्यतेची साधने

ऑनलाइन महोत्सवांत पुढील साधने वापरली जातात :

• सांकेतिक भाषेतील दुभाषी : ब्रिटिश सांकेतिक भाषेला सरकारने २००३ मध्ये भाषा म्हणून मान्यता दिली व २०२२ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला.
• उपशीर्षके : संवादांसह संगीत व इतर ध्वनींचा उल्लेख करणारा लिखित मजकूर.
• श्राव्य वर्णन : अंध प्रेक्षकांसाठी दृश्याचे शब्दांतील वर्णन. वक्ते आरंभी स्वतःचे थोडक्यात वर्णन करतात.
• सैल प्रयोग : प्रेक्षकांच्या हालचालीस व आवाजास मुभा देणारा प्रयोग. ऑनलाइन कार्यक्रमात कॅमेरा बंद ठेवण्याची, मध्येच उठण्याची वा नंतर ध्वनिचित्रफीत पाहण्याची सोय असते.

ग्रेआयने ही साधने प्रयोग तयार झाल्यावर जोडण्याऐवजी संहितेचा व दिग्दर्शनाचाच भाग करण्याची पद्धत विकसित केली आहे. दुभाषी एखादे पात्र बनतो किंवा वर्णन हेच निवेदन होते.

लाभ व मर्यादा

ऑनलाइन स्वरूपामुळे प्रवासाचा खर्च, पायऱ्या व थकवा हे अडथळे दूर झाले. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तींना कलावंत म्हणूनही सहभागी होता आले. घरून काम करण्याची व दूरस्थ सहभागाची जी सवलत अपंग व्यक्ती वर्षानुवर्षे मागत होत्या, ती साथीच्या काळात सर्वांसाठी अल्पावधीत उपलब्ध झाली, याकडे कार्यकर्त्यांनी लक्ष वेधले. निर्बंध उठल्यावर अनेक संस्थांनी ऑनलाइन प्रक्षेपण थांबवले, तेव्हा त्याविरुद्ध नाराजी व्यक्त झाली.

दुसरीकडे, इंटरनेट व उपकरणांचा खर्च सर्वांना परवडत नाही. स्वयंचलित उपशीर्षकांत चुका होतात आणि स्क्रीन रीडरला न वाचता येणारी संकेतस्थळे अंध वापरकर्त्यांना निरुपयोगी ठरतात. प्रत्यक्ष एकत्र येण्यातून १९८० च्या दशकातील कॅबरेने जी एकजूट निर्माण केली, ती पडद्यावर कितपत घडते, याविषयीही मतभेद आहेत.

मतभेद व टीका

चळवळीने मुख्य प्रवाहातील संस्थांत सामील व्हावे की स्वतंत्र राहावे, हा तिच्यातील जुना वाद आहे. सामील झाल्याने निधी व प्रेक्षक मिळतात, परंतु राजकीय धार बोथट होते, असा आक्षेप घेतला जातो. अनेक कर्णबधिर व्यक्ती स्वतःला अपंग न मानता भाषिक अल्पसंख्य मानतात. त्यामुळे 'अपंग व कर्णबधिर' असा दुहेरी उल्लेख रूढ झाला. सामाजिक प्रतिमान वेदना, थकवा व आजार यांना पुरेसे स्थान देत नाही, अशी टीका चळवळीतील काही लेखकांनी, विशेषतः स्त्रियांनी, केली आहे. चळवळीच्या लिखित इतिहासात कृष्णवर्णीय व आशियाई कलावंतांना आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांना कमी स्थान मिळाल्याचाही आक्षेप आहे.

प्रभाव

मार्च २०२२ मध्ये बीबीसीने लिसिकी व होल्ड्सवर्थ यांच्या जीवनावरील 'देन बार्बरा मेट अ‍ॅलन' हे नाट्य प्रसारित केले. जॅक थॉर्न व जेनेव्हीव्ह बार यांनी लिहिलेल्या या नाट्यात रूथ मॅडली व आर्थर ह्यूज या अपंग नटांनी प्रमुख भूमिका केल्या. टेलेथॉनच्या विरोधात दूरचित्रवाणी केंद्राबाहेर उभ्या राहिलेल्या आंदोलनाची कथा तीस वर्षांनी राष्ट्रीय दूरचित्रवाणीवरच दाखवली गेली. दक्षिण आशियात ग्रेआयने ढाका थिएटर व ब्रिटिश कौन्सिल यांच्यासह बांगलादेशातील अपंग कलावंतांसोबत शेक्सपियरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'वर आधारित प्रयोग २०१६ मध्ये सादर केला.

हे सुद्धा पहा

• अपंगत्वाचे सामाजिक प्रतिमान
• आंतरराष्ट्रीय अपंग दिन
• अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रसंघाचा करार
• पॅरालिंपिक खेळ
• दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ (भारत)